मुंग्या लागलेला पुरावा

आमच्या घरी एका इरकल साडीला मुंग्या लागल्या होत्या आणि ती साडी कुणी धुवायची नाही असा हुकूम होता. हुकूम माझाच. जाऊबाई रोज सकाळी खोलीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "ताई, निदान मुंग्या तरी झटकू का?" मी म्हणायचे, "झटक, पण साडी हलवू नकोस." तिला ते काही केल्या पटत नव्हतं. तिचं बरोबरच होतं म्हणा. आपल्याकडं डाग पडला की हात आधी नळाकडं जातो. सांडलं की पुसायचं, फाटलं की टाचायचं, ही शिकवण इतकी अंगात मुरलेली असते की खराब झालेली वस्तू खराबच राहू द्यायची, ही कल्पनासुद्धा आळशीपणाची वाटते. पण विमान कंपनीकडून भरपाई मागायची तर नेमका तोच आळशीपणा नेटानं करावा लागतो.

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं टोरोंटोला गेलो होतो. जाताना सांगलीची हळद, तासगावचे बेदाणे, डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाला गुंडाळायला मऊ धुवट लुगड्यांचे तुकडे, असा सगळा संसार बॅगांतून गेला आणि एका लाडवाचाही चुरा न होता पोचला. गडबड झाली ती येताना. लेकीनं मेपलच्या पाकाचे डबे दिले होते. तिकडच्या झाडाचा पाक, पण रंगानं आणि चिकटपणानं थेट आपल्या काकवीची बहीण. उसाच्या मुलखात परत जाणाऱ्या माणसाला कुणी पाक देतं का, असं मी म्हणालेही होते. पण लेकीनं दिलेलं नाही म्हणायचं कसं? डबे पत्र्याचे होते, सीलबंद होते, आणि कपड्यांच्या मधोमध, बाळाच्या बारशाला नेसलेल्या इरकलीत गुंडाळून ठेवले होते. ती इरकल आईनं घेऊन दिलेली.

मुंबईला मध्यरात्रीनंतर उतरलो. बेल्टवर आमची निळी बॅग आली तेव्हा तिचा एक कोपरा नव्हता. चाक आत घुसलं होतं आणि सगळीला भोवतीनं पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली होती. मला राग आला तो फुटलेल्या कोपऱ्याचा नाही, त्या पट्टीचा. पट्टी गुंडाळली म्हणजे वाटेत कुठंतरी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की ही फुटली आहे. त्यानं ती बांधली, पुढं ढकलली, आणि मालकाला सांगायचं काम कुणाचंच नव्हतं.

सांगलीच्या लोकांची मुंबई विमानतळावरची अडचण वेगळी असते. बाहेर गाडी उभी असते. ड्रायव्हर संध्याकाळपासून येऊन बसलेला असतो आणि दर थोड्या वेळानं त्याचा फोन येतो, "काका, आलासा का? पार्किंगचं मीटर पडायलंय." पुढं रात्रभराचा रस्ता. अंग आंबलेलं, पाय सुजलेले, वेळेचा पत्ता नाही. अशा वेळी कुणीही म्हणेल की घरी जाऊन बघू, आणि आमच्या ह्यांनी तसं म्हटलंच. बॅगेच्या काउंटरवरची मुलगीही तेच म्हणाली, घरी जाऊन मेल करा सर, चालतं. मी मात्र तिथली खुर्ची ओढून बसले. कागद द्या, मग जाते.

तो कागद म्हणजे पीआयआर, प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट. त्यावर एक नंबर असतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, म्हणजे मुंबईची बीओएम, मग कंपनीची दोन, मग आकडे. चेक-इनच्या वेळी बॅगेच्या मुठीला लावलेल्या टॅगच्या पट्टीवरचा दहा आकडी नंबरही त्यात येतो. ती पट्टी आणि बोर्डिंग पासमागं चिकटवलेला तिचा तुकडा आपले लोक बेल्टवरून बॅग उचलल्याबरोबर टराटरा फाडून टाकतात, प्रवास संपल्याचा आनंद म्हणून. मी पट्टी तशीच ठेवली. सांगलीत पोचेपर्यंत ती बॅगेच्या मुठीला लोंबत होती.

हे शहाणपण माझं नाही, आमच्या धाकट्या भावजींचं. त्यांचं सांगलीत मारुती रोडला कापडाचं दुकान आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पेठेतली दुकानं बुडली, त्यात त्यांचंही. पाणी ओसरलं तेव्हा शटर उघडून सगळ्यांनी पहिल्यांदा काय केलं? खोरी घेतली आणि गाळ ओढायला लागले. साहजिकच आहे, वास सहन होत नव्हता. भावजींच्या शेजारच्या दुकानदारानं तर भिजलेले तागे ट्रॉलीत भरून लांब नेऊन टाकले आणि फरशी फिनाइलनं पुसून काढली. नंतर विम्याचा सर्व्हेअर आला आणि त्या स्वच्छ दुकानात उभा राहून विचारू लागला, माल किती होता, कुठपर्यंत भिजला, दाखवा. दाखवणार काय? भावजींनी मात्र त्या घाणीत उभं राहून आधी फोटो काढले होते. भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा, तागे जसे पडले तसे, स्टॉकचं रजिस्टर फुगून डबल झालेलं, तेही. शेजाऱ्याचं नुकसान त्यांच्यापेक्षा मोठं होतं, पैसे मात्र भावजींना जास्त मिळाले. हा हिशेब त्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि शेजाऱ्याच्याही.

म्हणून घरी बॅग उघडली, आत डबा चेपून त्याचा सांधा सुटलेला आणि पाक सगळ्या कपड्यांभर पसरलेला दिसला, तेव्हा भावजी दारातूनच ओरडले, "वहिनी, हात लावू नका! आधी फोटो." मग रीतसर फोटो झाले. बॅग बाहेरून, चारी बाजूंनी. पट्टीचा नंबर दिसेल असा. आतला डबा जिथं होता तिथंच. डब्याच्या उचकटलेल्या पत्र्यानं इरकलीचा पदर फाटला होता, तो जवळून. भावजींनी शेजारी मोजपट्टीसुद्धा धरली. हे सोफ्यावर बसून आमच्याकडं बघत होते, दोघांना वेड लागलंय अशा नजरेनं.

आता कायद्याचं. यातलं बरंचसं मला आधी ठाऊक नव्हतं. पुतण्या वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्याकडून ऐकलं आणि मग स्वतः मूळ मजकूर काढून वाचला. परदेशी प्रवासातल्या सामानाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला आणि आपल्या १९७२च्या हवाई वाहतूक कायद्याला तो करार परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. त्यातलं सतरावं कलम मला फार आवडलं. चेक-इन केलेली बॅग कंपनीच्या ताब्यात असताना बिघडली, तर कंपनी जबाबदार. कुणाची चूक होती, कुणी आपटली, हे प्रवाशानं सिद्ध करत बसायचं नाही. या कलमात कंपनीला सुटका एकाच वाटेनं: बॅगेतच मुळात दोष होता आणि त्यामुळंच नुकसान झालं, हे तिला दाखवता आलं तर. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला सामान्य प्रवाशाची दया होती असं वाटतं. टोरोंटो ते मुंबई या वाटेवर कुठल्या पट्ट्यावर, कुठल्या डब्यात, कुणाच्या हातून बॅग पडली हे मी सांगलीच्या विश्रामबागेत बसून कसं शोधणार होते?

पण दया तिथंच संपते, कारण पुढं एकतिसावं कलम आहे. सामान तक्रार न करता ताब्यात घेतलंत, तर ते धड अवस्थेत मिळालं असं धरलं जातं. खोडून काढता येतं, पण ओझं तुमच्यावर. आणि नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत गेली पाहिजे. बॅग उशिरा मिळाली असेल तर २१ दिवस. ही मुदत हुकली तर, कंपनीनं लबाडी केली असेल तेवढं सोडून, दावाच उभा राहत नाही. कोर्टात जायचं झालं तर मुदत २ वर्षांची. तीही एकदा गेली की गेली. ७ दिवस! परदेशातून परतलेल्या आपल्याकडच्या माणसाचे पहिले ७ दिवस झोप उलटीपालटी होण्यात, भेटायला येणाऱ्यांना चॉकलेटं वाटण्यात आणि 'नात कशी आहे, कुणावर गेलीय' याची उत्तरं देण्यात जातात. बॅगा कित्येकदा तशाच पलंगाखाली जातात आणि दिवाळीला उघडतात.

शिवाय पीआयआर म्हणजे तक्रार झाली असं धरून चालू नये. बऱ्याच कंपन्या तिला नुसती नोंद म्हणतात आणि रकमेचा दावा वेगळा मागतात. मी विमानतळावर बॅगेची नोंद केली होती, आतल्या सामानाची नव्हती, कारण आतलं तिथं दिसलंच नव्हतं. म्हणून मुदतीच्या आत वेगळा मेल केला, फोटो जोडले, आणि त्याच मजकुराची प्रत पोस्टातून पोचपावतीसह पाठवली. मेल कुणी वाचला का हे आपल्याला कळत नाही. पोस्टाची पावती मात्र हातात राहते.

किती मागता येतं, हा पुढचा प्रश्न. उत्तर रुपयांतही नाही आणि डॉलरमध्येही नाही. ते एसडीआरमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं १९६९ साली जन्माला घातलेलं हे एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड यांच्या मिश्रणावरून त्याची किंमत ठरते. करार झाला तेव्हा सामानासाठी दर प्रवाशामागं मर्यादा १,००० एसडीआर होती. महागाईप्रमाणं ती वाढत वाढत २८ डिसेंबर २०२४पासून १,५१९ झाली. रुपयांत पावणेदोन लाखांच्या वर जाते. आकडा ऐकून ह्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "मग तेवढे मागून टाक." तिथंच तर गोम आहे. ही कमाल मर्यादा आहे, दरपत्रक नव्हे. नुकसान जेवढं दाखवाल तेवढंच मिळणार, फार तर या आकड्यापर्यंत. देशांतर्गत प्रवासात तर कमाल मर्यादाच २०,००० रुपयांची आहे. पुणे-दिल्ली विमानात बॅग गेली की त्याच्या पलीकडं काही मागता येत नाही, असं कंपन्या सांगतात ते त्या आधारावर.

माँट्रियलच्या आधी १९२९चा वॉर्सा करार होता. आमचा आयर्विन पूल त्याच वर्षीचा. त्या करारात सामानाची भरपाई किलोवर होती, दर किलोला २५० सोन्याचे फ्रँक. म्हणजे बॅगेत पैठणी असो की पाटा-वरवंटा, हिशेब तराजूवर. मला वाचून हसू आलं खरं, पण पुढं कंपनीचा फॉर्म भरायला बसले तेव्हा तो जुना तराजूच बरा होता असं वाटू लागलं.

फॉर्ममध्ये रकाने होते. वस्तूचं वर्णन, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, पावती जोडली आहे काय. बॅगेचं सोपं होतं, ऑनलाइन घेतलेली, पावती मेलमध्ये सापडली. मेपलच्या पाकाची पावती लेकीनं पाठवली. इरकलीपाशी पेन अडलं. आईनं ती कधी घेतली ते वर्ष मला सांगता येतं, कारण त्याच साली धाकट्या भावाचं लग्न झालं. किंमतही आठवते, आईनं दुकानात घासाघीस करून किती पाडून घेतली ती गोष्ट घरात पुष्कळदा सांगितली जायची. पावती कुठली? आणि समजा असती, तरी कंपनी वापराच्या प्रत्येक वर्षाची घट धरते. त्या हिशेबानं साडीची आजची किंमत शून्याच्या खालीच गेली असती. मीच त्यांना काही देणं लागले असते. जुन्या वस्तूंच्या बाबतीत भरपाईच्या हिशेबाचं आणि घरच्या हिशेबाचं हे असं उलटं असतं. आपल्याकडं साडी जितकी जुनी तितकी मऊ, आणि जितकी मऊ तितकी बाळाजवळ जायच्या लायकीची. फॉर्मात ते बसत नाही. मी तशीच साडी आज बाजारात कितीला मिळते ते भावजींच्या ओळखीच्या दुकानदाराकडून लिहून घेतलं आणि 'बदली किंमत' म्हणून तो आकडा टाकला. पदराच्या मऊपणाविषयी एक शब्द लिहिला नाही. ते वाचून कुणाचं मन द्रवेल अशा टेबलावर हे कागद जातच नसतात.

मग कंपनीचं उत्तर आलं. बॅग दुरुस्त होत नाही असं दुरुस्तीवाल्याचं प्रमाणपत्र द्या, किंवा दुरुस्तीचं अंदाजपत्रक द्या.

गणपती पेठेच्या मागच्या बोळात एक बॅगवाले बसतात. चेन बदलणं, दप्तराचे पट्टे शिवणं, चाकं बसवणं, एवढ्याशा टपरीत सगळं. मी बॅग पुढं ठेवली आणि म्हटलं, "मामा, ही दुरुस्त होत नाही असं लिहून द्या."

त्यांनी बॅग उलटीपालटी केली. चाकाच्या खोबणीत बोट घातलं. कोपऱ्यावर थाप मारली. "होत न्हाई कसं? हुतीय की. चाक नवं घालतो, कोपऱ्याला आतनं पत्रा लावून रिबिटा मारतो. उद्या संध्याकाळी घेऊन जावा."

"तसं नाही मामा, मला दुरुस्त करायचीच नाहीये. फक्त कागद पाहिजे."

"दुरुस्त करायची न्हाई आणि माझ्याकडं कशाला आणलीसा मग?"

मी त्यांना सगळं सांगितलं. विमान, बेल्ट, भरपाई. ऐकून घेतलं, सहानुभूतीही दाखवली, विमानवाल्यांना एक अस्सल शिवीही दिली. पण कागदावर 'दुरुस्त होत नाही' लिहायला काही केल्या तयार होईनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या टपरीवरून एकही बॅग परत गेली नाही, आणि आता सहीनिशी कसं लिहायचं की मला जमत नाही? तो कागद कुणी पेठेत दाखवला तर? मी म्हटलं कागद परदेशात जाणार आहे. म्हणाले, तिकडं तर त्याहून वंगाळ.

मला आधी वैताग आला, आणि मग मामांच्या बाजूनं विचार करू लागले. भरपाईच्या जगात बॅग मेलेली असली तर फायदा. मामांच्या जगात मरणाला टेकलेली बॅग उठून चालू लागली तर फायदा. ते कशाला माझ्यासाठी आपलं दुकान पालथं करतील? आणि मुळात ते खरं बोलत होते. खोटं मी लिहून मागत होते, विमान कंपनीच्या सोयीचा साचा भरायला. कंपन्यांनी हा असा साचा का ठेवला आहे हे उघड आहे. ज्या गावात दुरुस्तीवाले लेटरहेड छापत नाहीत, तिथला निम्मा दावा इथंच गळून पडतो.

शेवटी तोडगा मामांनीच काढला. वहीचं पान फाडलं, वर 'श्री' काढला आणि लिहिलं: 'बॅग तपासली. चाक व कोपरा तुटला आहे. दुरुस्ती होते पण पहिल्यासारखी मजबूत होणार नाही. परत विमानाला घालू नये.' खाली मजुरी आणि सामानाचा आकडा, आणि सही. शिक्काही मारणार होते. शिक्का शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा, पण तो मी नको म्हटलं, नुसती सही राहू दिली. पुतण्यानं त्याचं इंग्रजी केलं. मला विचाराल तर त्या पानाइतका नेमका अहवाल मला पुढं-मागं कुणाकडून मिळाला नाही.

निघताना मामा म्हणाले, "ह्या भानगडी मिरजेच्या सतारवाल्यांना इचारा. त्यांच्या तंबोऱ्याच्या खोळी मीच शिवतो. त्यांचं लई मोडतंय इमानात."

हे मला सुचायला हवं होतं असं नाही, पण ऐकल्यावर राहवलं नाही. मिरज इथून हाकेच्या अंतरावर. सतारमेकर गल्लीत पावणेदोनशे वर्षांच्या आसपास वाद्यं बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. भोपळा म्हणजे शेवटी वाळवलेलं फळ. त्याची जाडी किती, तो कसा वाजेल, हे निसर्गाच्या हातात, आणि तो कसा उतरेल हे लोडरच्या हातात. एका दुकानात वयस्कर कारागीर तारा चढवत बसले होते. मी विषय काढताच त्यांनी हसून मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. फुटलेल्या भोपळ्याचे दोन तंबोरे टांगलेले होते. दुरुस्तीला आलेले, विमानातून.

त्यांच्याकडं लेटरहेड होतं. नुसतं लेटरहेड नाही, इंग्रजीतला ठरलेला मजकूर होता, फक्त नाव आणि आकडा भरायचा. गिऱ्हाईक परदेशी निघालं की ते तारा सैल करून देतात, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून वेगळी बांधतात, आणि वाद्य पेटीत घालण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावतात, पेटी बंद करतानाचासुद्धा. "मोडल्यावरचा फोटो सगळे काढत्यात मॅडम," ते म्हणाले. "मोडायच्या आधीचा कुणाकडं नसतो. मग ते म्हणत्यात, आधीच तडा होता." मला माझे मोजपट्टीवाले फोटो एकदम अर्धवट वाटू लागले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात आली. पुतण्याला विचारली तर ती करारातच निघाली, बाविसाव्या कलमात. सामान सोपवतानाच त्याची जास्त किंमत जाहीर करता येते. कंपनी मागेल ती जादा रक्कम भरायची, मग १,५१९ची मर्यादा लागत नाही, जाहीर केलेली किंमत लागते. नाजूक, महागड्या वाद्यासाठी ही केवढी मोठी सोय! पण कारागीर सांगत होते, त्यांच्या गिऱ्हाइकांनी काउंटरवर विचारलं की बहुतेक वेळा समोरचा पोरगा आत जाऊन कुणाला तरी बोलावून आणतो, मागं रांग ओरडायला लागते आणि गिऱ्हाईकच म्हणतं, राहू दे. त्याऐवजी एका कागदावर सही मागतात, की वस्तू नाजूक आहे, मोडली तर आमच्यावर नाही. विमान पकडायचं असतं. लोक करतात सही.

परत आल्यावर आमची पत्रापत्री पुढं सरकली. कंपनीनं आधी म्हटलं, चाकं, मुठी, ओरखडे ही नेहमीची झीज आहे, तिची भरपाई मिळत नाही. मी कोपऱ्याचा फोटो परत पाठवला आणि सतराव्या कलमाचा आकडा लिहिला. कलमाचा आकडा लिहिल्यावर उत्तर लिहिणारा माणूस बदलला, हे मात्र नमूद करण्यासारखं आहे. तोवर येणाऱ्या पत्रांवर नाव नव्हतं, आता नाव आलं. मग त्यांनी व्हाउचर देऊ केलं, पुढच्या प्रवासात तिकिटातून वजा होणारं. म्हणजे ज्यांनी बॅग फोडली त्यांच्याच विमानात परत बॅग घेऊन बसा. ते मी नाकारलं.

पुतण्या म्हणत होता, सरळ ग्राहक आयोगात जाऊ. तसं जाता येतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे, म्हणजे मुंबईला खेपा नाहीत, सांगलीतच दावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाइनही दाखल करता येते, आता ई-जागृती पोर्टलवर. त्याच्या आधी १९१५ या नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली तर कंपनीकडून निदान हालचाल होते. आम्ही एअरसेवावर टाकली, आणि आयोगाला द्यायच्या तक्रारीचा मसुदा करून कंपनीला त्याची प्रत पाठवली. मसुदा पुतण्याचा, त्याचा पहिलाच. त्यात त्यानं 'मानसिक त्रास' म्हणून एवढा आकडा घातला होता की तो खरा करायला मला निदान एकदा तरी दवाखान्यात जावं लागलं असतं. तो मी खोडला.

यानंतर कंपनीनं रक्कम देऊ केली. बॅगेची घट वजा करून किंमत, पाकाचे पैसे, आणि साडीपोटी मी मागितलेल्याच्या निम्म्याहून थोडे कमी. आकडा मला मान्य होता. खरं सांगायचं तर साडीचे एवढे येतील असं वाटलंच नव्हतं. आयोगात गेले असते तर कदाचित जास्त मिळाले असते, पण तारखांना बसायला लागणारा वेळ मला नातीच्या व्हिडिओ कॉलला हवा होता. जे चिवटपणे शेवटपर्यंत लढतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बाकीच्यांना व्हाउचरऐवजी पैसे मिळतात ते त्यांच्यामुळंच.

अडलं ते पावतीच्या मजकुरावर. सही करायच्या कागदात लिहिलं होतं की कंपनी ही रक्कम कुठलीही जबाबदारी मान्य न करता, केवळ ग्राहकाशी असलेल्या संबंधांखातर देत आहे. मी ते चार वेळा वाचून ह्यांच्याकडं सरकवलं. हे म्हणाले, "पैसे देतायत ना? मग सही कर आणि मिटव." भावजी मात्र गप्प बसले होते. मग म्हणाले, "वहिनी, पुराच्या वेळी तलाठ्यानं निदान लिहून तरी दिलं होतं, दुकानात इतकं पाणी होतं, माल भिजला. पैसे काय, पुढं कमी-जास्त झाले."

मलाही तेच टोचत होतं. करार सांगतो की बॅग त्यांच्या ताब्यात मोडली म्हणजे जबाबदारी त्यांची, विषय संपला. ते मात्र मेहेरबानी केल्याच्या थाटात देणार, आणि घेणाऱ्यानं खाली मान घालून घ्यायचं. पैशाच्या आकड्यावर मी तडजोड केली होती. यावर का करायची? पुतण्यानं समजावलं की असला मजकूर सगळेच घालतात, त्यांचे वकील त्याशिवाय कागद सोडत नाहीत, तो बदलायला सांगितलं तर सगळं परत पहिल्यापासून सुरू होईल.

मग मी मजकूर तसाच राहू दिला आणि सहीच्या वर, मोकळ्या जागेत, माझ्या अक्षरात मराठीत एक ओळ लिहिली: 'कंपनीच्या ताब्यात असताना माझी बॅग व साडी खराब झाली, त्याची ही भरपाई घेतली.' खाली सही आणि तारीख. पुतण्या म्हणाला, काकू, ते परत पाठवतील. कागद स्कॅन करून गेला. कुणी परत पाठवला नाही. पुढच्या आठवड्यात खात्यात पैसे आल्याचा मेसेज वाजला, आणि जाऊबाईनं मला न विचारता साडी भिजत घातली.